नाकापेक्षा थेंब जड

'इसेन्शियल' हा शब्द मराठी घरात दोन वाटांनी आला. पहिल्यांदा तो 1955च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यातून, रॉकेलच्या डब्याबरोबर, रेशनच्या रांगेत उभा राहून आला. दुसऱ्यांदा आला तो दहा मिलिलिटरच्या तपकिरी बाटलीवर बसून, लॅव्हेंडरचा दरवळ घेऊन. दोन्ही शब्द एकच, अशी आपली भाबडी समजूत असावी. नाहीतर साखर महागली तर गुळावर भागवणारं कुटुंब टी-ट्री तेलाविना असं अडून बसलं नसतं. बाटलीवरच्या 'इसेन्शियल'चा अर्थ 'आवश्यक' नव्हे, नुसता 'अर्क'. वनस्पतीतला जो भाग वाफेबरोबर उडतो तो धरून बाटलीत भरला, एवढंच. पण 'अर्क' म्हटलं की आपल्याला गावातला एखादा इरसाल माणूस आठवतो आणि आपण आपोआप जपून वागतो. 'इसेन्शियल' म्हटलं की पाकीट उघडतं.

या बाटलीची खरी करामत वासात नाही, दुटप्पीपणात आहे. गुण सांगायची वेळ आली की ती औषध असते. झोप आणते, ताण उतरवते, सर्दी पळवते, टकलावर केस उगवते. नियम पाळायची वेळ आली की तीच बाटली उदबत्ती होते. मग मात्रा कसली, वय कसलं, डॉक्टरांना विचारायचं कशाला, साधा वास तर आहे! काही ठरावीक रोग बरे करण्याच्या जाहिरातींना आपल्याकडे 1954च्या कायद्याने बंदी आहे. त्यामुळे विक्रेत्यांनी एक खास व्याकरणच तयार केलं आहे. तेल बरं करत नाही, ते 'मदत करतं', 'संतुलन राखतं', 'सकारात्मकता वाढवतं'. ही क्रियापदं कुठल्याही कोर्टात सापडत नाहीत आणि कुठल्याही तपासणीत दिसत नाहीत. औषधाचा मान हवा पण औषधाचा जाच नको, हा जो सौदा आपण या बाटलीशी केला आहे, या तेलाचे घरातले पुष्कळ अपघात त्यातूनच होतात.

आधी ही वस्तू किती घट्ट असते ते पाहू. एक किलो गुलाबाचं तेल काढायला साधारण तीन-चार टन पाकळ्या लागतात. (तेव्हा नव्व्याण्णव रुपयांच्या बाटलीत 'शुद्ध गुलाब' मिळत असेल तर त्यात एक पाकळी तरी आली असेल का, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.) गवती चहा इतका महाग नाही, पण त्याच्याही शंभर किलो पातीतून अर्धा किलोच्या आसपासच तेल हाती येतं. चहात दोन पाती टाकणारा माणूस गवती चहा घेत असतो. त्याच चहात चार थेंब तेल टाकणारा मूठभर पाती एकदम पीत असतो, आणि तेल पाण्यात विरघळत नसल्याने ते पहिल्याच घोटात जिभेला आणि घशाला जसंच्या तसं भेटतं. विंटरग्रीन तेलाचा मामला तर आणखी अवघड. सांधेदुखीच्या लेपांना तो जो ओळखीचा वास असतो, तो याचा. त्याच्या एका चहाच्या चमच्यात ॲस्पिरिनच्या 325 मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक गोळ्यांइतकं सॅलिसिलेट असतं. वीस गोळ्यांची पाकिटं कपाटात कुलूपबंद ठेवणारं घर ही बाटली उशाशी ठेवून झोपतं, कारण गोळ्या म्हणजे केमिकल आणि तेल म्हणजे निसर्ग.

एप्रिल 2021मध्ये, कोरोनाच्या लाटेत, या श्रद्धेची सार्वत्रिक परीक्षा झाली. ऑक्सिजनसाठी माणसं रात्रभर फोन फिरवत होती, तेव्हा मोबाइलवर एक पोटली फिरत होती. कापूर, लवंग, ओवा, वर निलगिरीचे थेंब. हुंगा आणि ऑक्सिजनची पातळी वाढवा. पातळी वाढते याला कसलाही आधार नव्हता, पण पोटली हुंगणाऱ्याला बरं वाटत होतं हे मात्र खोटं नव्हतं, आणि खरी गोम तिथेच आहे. मेन्थॉल आणि त्याची भावंडं नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतात. नाकातून जाणारी हवा मोजली तर ती होती तेवढीच असते, पण मेंदूला कळतं की वाट मोकळी झाली. साध्या सर्दीत हा भास सुखाचा असतो, त्यात काही वावगं नाही. फुप्फुसं भरलेली असताना तोच भास माणसाला दवाखान्याच्या दारातून घरी परत नेतो.

आता कापूर. देवघरात त्याची जागा इतकी पवित्र की त्याच्याबद्दल शंका काढणं म्हणजे आरतीत शिंकणं. बाजारातला पुष्कळसा कापूर झाडातून येतच नाही, टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो. ही बातमी 'नैसर्गिक'वाल्यांना कुणीतरी हळूच सांगायला हवी. पण कापूर झाडाचा असो वा कारखान्याचा, लहान मुलाच्या पोटात एक ग्रॅमच्या आसपास गेला तरी जिवावर बेतू शकतं, आणि फिट यायला कधीकधी काही मिनिटं पुरतात. अमेरिकेत 1983पासून बाम आणि लेपांत 11 टक्क्यांपेक्षा जास्त कापूर चालत नाही. तरीही 2009 साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या डॉक्टरांना फिट आलेल्या मुलांचा छडा लावताना घरातला कापूर सापडला. आपल्याकडे बेंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी फिट येऊन दाखल झालेल्या रुग्णांना निलगिरी आणि कापराच्या तेला-बामांबद्दल मुद्दाम विचारायला सुरुवात केली, तेव्हा दुवे मिळू लागले. आधी मिळत नव्हते, कारण विचारत कुणी नव्हतं. आणि रुग्ण तरी आपणहून का सांगेल? 'कुठलं औषध घेता का?' या प्रश्नाला 'नाही' हे त्याचं उत्तर त्याच्या परीने अगदी प्रामाणिक असतं.

इथे हमखास आजी पुढे केली जाते. आमच्या आजीने जन्मभर निलगिरी वापरली, तिला काय झालं? आजीचा मान ठेवूनच उत्तर द्यायला हवं. आजी रुमालावर दोन थेंब टाकायची आणि ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकायची. दारं उघडी असायची, खिडक्यांना फटी असायच्या. आज बंद खोलीत, एसी लावून, यंत्रातून रात्रभर तेलाचे तुषार उडतात आणि त्याच खोलीत तान्हं बाळ झोपलेलं असतं. ओवा आणि ओव्याची फुलं (म्हणजे त्याच्या अर्काचे खडे) यांत केवढा फरक आहे, हे आजीला नेमकं ठाऊक होतं. तिच्या नातवंडांना दोन्हीत फक्त किमतीचा फरक दिसतो. आणि ज्या निलगिरीवर आजीच्या परंपरेची मोहर उठवली जाते, ते झाड ऑस्ट्रेलियाचं. आपल्या डोंगराचं नाव लावून ते घरात शिरलं आणि दोन पिढ्यांत कुलदैवताच्या शेजारी जाऊन बसलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सगळंच थोतांड कसं, काही तेलांचा उपयोग सिद्ध झाला आहेच ना? झाला आहे. 1990 साली ऑस्ट्रेलियात 124 मुरुमग्रस्तांवर 5 टक्के टी-ट्रीचं जेल आणि मुरुमांवरचं नेहमीचं औषध 5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड ताडून पाहिलं. दोन्हींनी मुरुमं कमी झाली. टी-ट्रीने सावकाश, पण त्वचेला त्रासही कमी दिला. आतड्यात जाऊन उघडणाऱ्या कॅप्सूलमधून दिलेलं पेपरमिंट तेल वारंवार बिघडणाऱ्या पोटाला काही जणांच्या बाबतीत उतार देतं. पण ही उदाहरणं नीट वाचली तर बाटलीच्या नव्हे, मोजमापाच्या बाजूने साक्ष देतात. 5 टक्के म्हणजे 5 टक्के. कॅप्सूल म्हणजे ठरलेली मात्रा. आणि त्रास झाला तर त्याची नोंद. जिथे तेलाने काम केलं, तिथे त्याने औषधाची शिस्त मुकाट पाळली. ॲलोपॅथीचे दुष्परिणाम नसतात का, या प्रश्नाचंही उत्तर यातच आहे. असतात, आणि पाकिटातल्या त्या घडी घातलेल्या कागदावर छापलेले असतात.

वासाला आपण हवेसारखं निराकार समजतो, म्हणून 2021ची एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत चार राज्यांतल्या चार जणांना मेलिऑयडोसिस झाला. या रोगाचा जिवाणू उष्ण कटिबंधातल्या मातीत आणि पाण्यात राहतो, आणि या चौघांपैकी कुणीच परदेशी गेलं नव्हतं. दोघं दगावले. माग काढत काढत तपास पोचला तो लॅव्हेंडर आणि कॅमोमाइलच्या एका रूम स्प्रेपर्यंत. स्प्रे भारतात बनलेला. बाटलीत शुभ म्हणून रत्नंही घातलेली होती. सुगंधी तेल जंतू मारतं, असं आपण ऐकत आलो आहोत. या बाटलीत जंतू तेलासकट, रत्नांसकट सुखात नांदत होता.

तेव्हा तेल वापरूच नये का? वापरावं, फक्त वापरताना ते औषध आहे असं समजावं, म्हणजे अर्धा उत्साह आपोआप मावळतो. अंगाला लावायचं तर 30 मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात सहा थेंब, म्हणजे एक टक्का झाला. हे लिहायला फार नीरस आहे, त्यामुळे कुठल्याही रीलमध्ये येत नाही. लिंबू किंवा बर्गामॉटचं दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होते. निसर्गाची जवळीक यापेक्षा अधिक कशी साधणार? उघडून वर्षभर ठेवलेल्या बाटलीतलं तेल हवेने बदलतं आणि पुरळ उठवायला आणखी पटाईत होतं. पुदिना-निलगिरीचा उग्र वास तान्ह्याच्या नाकाशी नेला तर त्याचा श्वास अडू शकतो. घरात मांजर असेल तर तिलाही मत आहे. तिचं यकृत अशा पदार्थांचा निचरा करायला फार कमकुवत असतं, आणि आपण उडवलेले तुषार ती अंग चाटून पोटात घेते. मुलाने तेल प्यायलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती पराक्रम करू नये, कारण उलटीबरोबर तेल फुप्फुसात उतरतं. बाटली हातात घेऊन थेट रुग्णालय गाठावं. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं राष्ट्रीय केंद्र रात्रंदिवस चालू असतं, तिथे डॉक्टरांना विचारता येतं.

राहता राहिला बाटली ठेवायचा प्रश्न. औषधांची जागा आपल्याकडे ठरलेली आहे, वरच्या फळीवर, मुलांच्या हाताबाहेर. पण ही बाटली औषध नाही ना! म्हणून ती देवघराच्या खालच्या कप्प्यात, वाती, काडेपेटी आणि कापराच्या डबीशेजारी राहते. आणि आरती झाली की त्याच ताटात एका बाजूला कापराच्या वड्या असतात आणि एका बाजूला प्रसादाची खडीसाखर. दोन्ही पांढऱ्याशुभ्र. एक देवासाठी, एक बाळासाठी. ताटाशी बसलेलं बाळ दोन वर्षांचं आहे.