मेनू बारमधल्या बेनाम आयकॉनच्या जनकास

रा. रा. ॲपनिर्माते यांसी,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमच्या व्हीपीएन ॲपच्या वार्षिक वर्गणीचं बिल मिळालं. मी दृष्टिहीन आहे, तरी ते स्वच्छ वाचता आलं. रक्कम, कर, मुदत आणि ‘आत्ता नूतनीकरण करा’ हे बटणसुद्धा. माझा स्क्रीन रीडर कुठेही अडखळला नाही. आम्हाला वाचता येईल असं काही बनवणं तुम्हाला जमत नाही, हा गैरसमज त्यामुळे कायमचा दूर झाला.

मग मॅकच्या मेनू बारमधल्या त्या इवल्याशा आयकॉनवरच एवढा रुसवा का?

मॅकमध्ये व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर 2005 पासून, म्हणजे टायगर आवृत्तीपासून आहे. कंट्रोल आणि ऑप्शन धरून एम दोनदा दाबला की पडद्यावर उजवीकडे वर असलेल्या आयकॉनच्या रांगेत जाता येतं. वाय-फायपाशी तो ‘वाय-फाय’ म्हणतो, बॅटरीपाशी ‘बॅटरी’. तुमच्या आयकॉनपाशी आला की ‘स्टेटस मेनू’ एवढंच पुटपुटतो आणि गप्प बसतो. कोणाचा मेनू, कशाचा, याबाबत तुम्ही बाळगलेली गोपनीयता एखाद्या गुप्तचर खात्याला शोभावी. व्हीपीएन विकणाऱ्याने गोपनीयता पाळावी हे खरं, पण ती आपल्याच ग्राहकापासून?

काही जण तुम्हाला आळशी म्हणतात. त्यांच्याशी मी भांडतो. आळशी माणसाने 2014 च्या योसेमिटी आवृत्तीपासून मिळणारं तयार बटण उचललं असतं, त्याला मेनू जोडला असता आणि घरी गेला असता. ते बटण स्क्रीन रीडरला आपोआप कळतं आणि कीबोर्डवरून दाबता येतं. तुम्ही मात्र स्वतःचं बटण स्वतः घडवलंत, माउसची क्लिक स्वतः पकडलीत आणि कीबोर्डला काहीच कळू नये याची चोख व्यवस्था केलीत. 2020 पासून सिस्टीमचं तयार चिन्ह मागवण्याच्या ओळीतच त्याचं वर्णन लिहायची जागा असते. तिथे दोन शब्द लिहिले असते तर व्हॉइसओव्हरला बोलायला काहीतरी मिळालं असतं. तिथे ‘निल’, म्हणजे ‘काही नाही’, असं लिहायलाही बोटं चालवावी लागतातच. एवढे कष्ट करून आम्हाला बाहेर ठेवणाऱ्याला आळशी कसं म्हणावं?

बरं, आत यायला दुसरी वाटही तुम्ही ठेवलेली नाही. ॲप डॉकमध्ये दिसत नाही, कमांड-टॅबच्या यादीत येत नाही. घराला दार एकच आणि तेही भिंतीच्याच रंगाने रंगवलेलं. मग आम्ही काय करायचं, तर व्हॉइसओव्हरचा कर्सर त्या मुक्या आयकॉनवर ठेवायचा, माउसला तिथे ओढून आणायचं आणि कीबोर्डवरूनच माउसची क्लिक करायची. दैव बलवत्तर असेल तर तुमची नक्षीदार खिडकी उघडते, पण व्हॉइसओव्हर मेनू बारमध्येच उभा राहतो. तिला शोधायला जरा दुसरीकडे सरकलं की ती लगेच मिटते. लाजाळू असावं, पण किती!

चालू-बंदची खूण तर बहारीची आहे. हिरवा ठिपका म्हणजे जोडलेलं, करडा म्हणजे तुटलेलं. माझ्या सुरक्षिततेची वर्गणी मी भरतो आणि ‘मी सुरक्षित आहे का हो?’ हे बँकेची साइट उघडण्याआधी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारतो.

मॅक सोडा, विंडोजवर तुमच्याच ॲपचा आयकॉन बोलतो! विंडोज आणि बी दाबून तिथल्या आयकॉनच्या रांगेत गेलं की एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर ॲपचं नाव आणि ‘जोडलेले’ असं स्पष्ट वाचतो. हे औदार्य कसं घडलं, ते मी शोधलं. माउस नेल्यावर दिसणाऱ्या टिपेसाठी विंडोज 2000 पासून 128 अक्षरांची जागा आहे. डोळस ग्राहकांसाठी तुम्ही ती टीप लिहिलीत आणि तीच एनव्हीडीएच्या हाती लागली. अनवधानाने झालेल्या या उपकाराबद्दल आभारी आहे.

2021 मध्ये मॅकबुक प्रोच्या पडद्याला वरच्या बाजूला खाच आली आणि गर्दी झाली की काही आयकॉन तिच्यामागे दडू लागले. डोळस मंडळींनी केवढा गहजब केला! आयकॉन आहे पण सापडत नाही, हा अनुभव त्यांना नवा होता. माझ्या तक्रारीवर तुमच्या मदत-कक्षाने मात्र मला दरवेळी कळवलं की सूचना यादीत घेतली आहे. त्यानंतरच्या अपडेटमध्ये आयकॉनचे कोपरे गोल झाले, असं मित्र सांगतात. अभिनंदन.

कायद्याची भीती बाळगू नका. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला खरा, पण तो खटला केवायसीचा होता. मेनू बारपर्यंत कोर्ट पोहोचेस्तोवर तुमच्या दहा आवृत्त्या निघतील. निर्धास्त राहा.

फक्त एक करा. कमांड आणि एफ-5 दाबून स्वतःच्या मॅकवर व्हॉइसओव्हर सुरू करा. माउस बाजूला काढा, पडदा बंद करा आणि स्वतःच्याच ॲपमधून बाहेर पडून दाखवा. जमलं, तर पुढच्या वर्षाची वर्गणी आगाऊ भरतो. नाही जमलं, तर वर्णनाची ती रिकामी जागा तुमच्या कोडमध्ये अजून तशीच आहे. तिथे ‘निल’ खोडून ॲपचं नाव लिहा, तयार बटण वापरा आणि ‘जोडलेले’ की ‘तुटलेले’ हे शब्दांत सांगा.

कळावे, लोभ वाढवण्यासारखं काही अद्याप घडलेलं नाही.

आपला,
बिल वेळेवर भरणारा एक ग्राहक