वसंत नदी नाक्यापर्यंत आला आहे

माझा एक पुतण्या जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी राहतो. भिवंडीत जन्मलेल्या माणसाला नदीकाठी राहायची हौस असेल तर थेट जर्मनी गाठावी लागते, हे त्याला वेळेवर कळलं. होळीच्या सुमारास त्याने मला व्हॉट्सअॅपवर तिकडच्या वसंतातल्या कार्यक्रमांची रंगीत पुस्तिका धाडली. मार्चमध्ये बदामाची झाडं फुलली की गावजत्रा, मग बोटीच्या फेऱ्या, मे महिन्यात नदीकाठी आतषबाजी. खाली एक ओळ : ‘काका, चैत्रात येतोय. आपल्याकडे नदीकाठी या दिवसांत काय काय असतं?’

प्रश्न निरागस होता, पण गावाच्या अब्रूचा होता. ‘भरपूर असतं, ये तर खरा’ असं उत्तर मी ठोकून दिलं आणि मग कागद-पेन घेऊन बसलो.

नदी आमच्याकडे आहे. कामवारी तिचं नाव. शहराला लागून वाहते, निदान पावसाळ्यात. वाड्याच्या रस्त्याला तिच्यावर पूल आहे आणि त्या जागेला नदी नाका म्हणतात. रिक्षावाल्याला ‘नदीवर सोड’ म्हणून बघा, तो तुमच्याकडेच बघत बसतो. ‘नदी नाका’ म्हटलं की डोळे मिटून नेतो. डाईंगवाल्यांच्या कृपेने एके काळी पुलावरून खाली वाकलं, की बाजारात यंदा कुठला रंग चालू आहे ते दुकानात न जाता कळायचं. लोक रंग बघायला फुलांच्या देशात जातात, आमच्याकडे पाणीच हौशी. फुलं नाहीत असंही नाही. जलपर्णीला जांभळी फुलं येतात आणि जलपर्णी अशी दाट पसरते, की खालची नदी दिसतच नाही, म्हणजे तक्रारीलाही जागा नाही. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. परदेशी पाहुणी आमच्याकडे आली आणि इथलीच होऊन राहिली, असं भिवंडीच्या पर्यटनात हे एकच उदाहरण.

तेव्हा कार्यक्रमपत्रिकेची पहिली ओळ मी लिहिली : ‘पुष्पदर्शन, नदी नाका, सकाळी सात.’ बायकोने ती वाचली आणि नाकाला पदर लावला.

बाकीचे कार्यक्रम तसे तयारच होते. भातकापणी उरकली की तालुक्यातली खाचरं मोकळी पडतात. मग कुठे बांध फोडून, रोलर फिरवून क्रिकेटचं मैदान होतं. टेनिसच्या चेंडूवर आठ-आठ षटकांचे सामने, रात्री हॅलोजनचा उजेड, पहिल्या बक्षिसाला मोटारसायकल, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण आणि आगरी बोलीतलं समालोचन. हे समालोचन ऐकण्यासाठी मी क्रिकेट सहन करतो. फलंदाज बाद झाला, की त्याचं गाव, त्याचा मामा आणि मामाने घेतलेली नवी गाडी इतकं सगळं पुढचा फलंदाज येईपर्यंत श्रोत्यांना कळलेलं असतं.

ज्या खाचरात क्रिकेट नाही त्यात गोडाऊन आहे. जिथे दोन्ही नाही तिथे ‘गाळे भाड्याने देणे आहे’ अशी पाटी आहे, म्हणजे गोडाऊन वाटेत आहे. बैलगाडी शर्यतींचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरवला आणि बैल पळायला मोकळे झाले. कुठल्या शेतात पळायचं ते मात्र त्यांचं त्यांनी बघायचं आहे.

आणि हळद. आगरी गावात लग्नाला नाही गेलात तर लोक समजून घेतात, हळदीला नाही गेलात तर पुढच्या पिढीपर्यंत विसरत नाहीत. चैत्र-वैशाखात कोकीळ कुठल्या झाडावर बसते मला ठाऊक नाही. तिच्या बाजूने स्पीकरच्या भिंती उभ्या असतात, त्यामुळे ती ओरडली तरी तिचं तिलाच ऐकू येत असेल.

पुतण्या आला. पहिल्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं, की वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात उतरायला लागणारी अर्धी चड्डी तो ऱ्हाईनकाठी विसरला. बाजारपेठ घरापासून दहा मिनिटांवर आहे, कापडाचं गाव आहे, पण नव्या पिढीला दुकानात जाऊन चड्डी घेणं असंस्कृत वाटतं. त्याने मोबाइलवर मागवली. ‘काका, उद्या येईल. माल भिवंडीच्याच गोदामात आहे.’ मी काही बोललो नाही. इथे राहणाऱ्याला काही गोष्टी ठाऊक असतात.

दुसऱ्या दिवशी त्याला लोणाडला नेलं. डोंगरात प्राचीन लेणं आहे, आत खंडेश्वरी देवी, भिंतीवर कोरीव पट. खाली गावात जुनं शिवमंदिर आहे. शिलाहारांचा हा मुलूख. जवळच्या चौधरपाड्याला राजा केशिदेवाचा शके ११६१चा, म्हणजे तेराव्या शतकातला दानलेख सापडलेला आहे. लेण्याच्या तोंडाशी उभं राहून आम्ही खोऱ्याकडे पाहिलं. समोर निळे, पांढरे, हिरवट पत्रे पार क्षितिजापर्यंत. पुतण्या क्षणभर हरखला. त्याला वाटलं तळं आहे.

तिथे मी त्याला गद्धेगाळ समजावून सांगितला. शिलाहारांच्या काळात जमीन दान दिली, की दगड उभा करत. वर सूर्य-चंद्र, म्हणजे ते असेपर्यंत दान टिकावं. मध्ये मजकूर. आणि खाली, जो कोणी ही जमीन बळकावील त्याच्या घरच्या बाईमाणसाचं गाढव काय करील त्याचं चित्र. ते इथे लिहिता येत नाही, संपादक सोवळे आहेत. जमिनीचा सातबारा कसा राखावा याचा इतका परखड नमुना महसूल खात्याला पुढे कधीच जमला नाही.

‘मग उपयोग झाला का काका?’ समोरच्या पत्र्यांकडे बघत पुतण्याने विचारलं.

म्हटलं, ‘झाला ना. पण गाढवं दमली.’

शुक्रवारी वज्रेश्वरीला निघालो. भिवंडीचा वसंत शुक्रवारी असतो, कारण त्या दिवशी माग बंद असतात. आठवड्याचे सहा दिवस भिंतीपलीकडून खटक-खटक ऐकणारा माणूस शुक्रवारी सकाळी दचकून जागा होतो, की आवाज का नाही. मग बायकापोरं रिक्षात कोंबून तो कुंडाची वाट धरतो. शेलार, कवाड, अंबाडी नाका. या रस्त्याविषयी एवढंच सांगतो, की मागच्या सीटवर मधोमध बसलेली माझी बायको अंबाडीला पोचेपर्यंत दोन्ही दारांशी जाऊन आली होती.

तरी बाहेर बघण्यासारखं होतं. पानं झडून गेलेला पळस भगवा पेटला होता आणि खाली शेतकऱ्यांनी राब भाजलेल्या काळ्या चौकटी पडल्या होत्या. पाचोळा, शेण, फांद्या रचून जिथे रोपं टाकायची तेवढीच जमीन भाजून ठेवायची, ही इथली जुनी पद्धत. वर आग, खाली राख आणि मध्ये चारा वाहून नेणारी एक म्हातारी. पुतण्याने फोटो काढला आणि लगेच विचारलं, की हे प्रदूषण नाही का. हा मुलगा भिवंडीत वाढला आहे.

मग पाइप आले. हे पाइप म्हणजे आमच्या तालुक्यातली खरी प्रेक्षणीय वस्तू. मोठाले, काळपट, माणूस आतून चालत जाईल एवढे, शेतं-पाडे-रस्ते ओलांडत मुंबईकडे निघालेले. शहापूर तालुक्यात तानसा धरण १८९२ साली पुरं झालं आणि नदी मुंबईला गेली. पुढे वैतरणा गेली, भातसा गेली. कोकणातली माणसं जशी चाकरीला मुंबईला जातात तशा आमच्या नद्या एकेक करून गेल्या. फरक इतकाच, की चाकरमानी शिमग्याला घरी येतो, आमची नदी धरण भरून वाहिल्याशिवाय येत नाही. भिवंडी शहराला त्यातलं थोडं पाणी मिळतं, मुंबईच्या पालिकेकडून, पैसे मोजून. लेक सासरी दिली आणि तिला भेटायला दारात तिकीट काढावं लागलं, तसं.

एका वळणावर पाइपाचा सांधा गळत होता. मी रिक्षा थांबवायला सांगितली. आठवडाभर जे शोधत होतो ते सगळं तिथे होतं. सांध्यातून पाण्याचा पंखा उडत होता आणि उन्हात त्यात वीतभर इंद्रधनुष्य धरलं होतं. खाली वीस-पंचवीस पावलांचं हिरवंगार गवत होतं, त्यात दोन बगळे आणि एक म्हैस. तीन बायका दगडावर गोधड्या आपटत होत्या. एक पोर पाइपावर पालथं पडून, हात खाली सोडून, बोटांनी पाणी कापत होतं. चारी बाजूंना करपलेलं रान आणि मध्ये हा एवढासा चैत्र. पुतण्याने बारा फोटो काढले. जर्मनीत त्याच्या मित्रांनी विचारलं तर तो याला धबधबा म्हणणार आहे. मी काही हरकत घेतली नाही.

ताडाच्या सावलीत एक बाई ताडगोळे सोलत बसली होती. कोयत्याचे दोन घाव, अंगठ्याने गर बाहेर, पानावर टप्पकन. डझनभर घेतले. पुतण्याने तिला शुद्ध मराठीत विचारलं, ‘मावशी, इथून नदी किती लांब आहे?’

तिने कोयत्यानेच पाइप दाखवला. ‘नदी पायपान हाय. फुडं निस्ती जागा हाय.’

पुढे खरोखरच जागा होती. तानसेचं पात्र रुंद आहे. काळे खडक, मध्ये मध्ये डबकी, एका डबक्यात उतरवून धुवायला घेतलेला टेम्पो. काठावर मात्र गरम पाण्याची कुंडं आहेत, अकलोलीला, गणेशपुरीला, निंबवलीलाही. देवीने मारलेल्या राक्षसांचं रक्त म्हणून हे पाणी तापलेलं, अशी कथा आहे. गंधकाचा वास मारतो, तो त्या राक्षसांचाच असावा. ही कुंडं नदीबरोबर मुंबईला का गेली नाहीत याचा मी बराच विचार केला आहे. बहुधा मुंबईकरांना गिझर परवडतो.

आधी देवीचं दर्शन. बावन्न पायऱ्या आहेत आणि चैत्रातल्या दुपारी एकेक पायरी तव्यासारखी तापते. वसई सर झाली तर देऊळ बांधीन असा नवस चिमाजी आप्पांनी बोलला, १७३९च्या मे महिन्यात वसई पडली आणि देऊळ उभं राहिलं. ऐन उन्हाळ्यात या भागात येऊन ठरवलेलं काम पुरं करून गेलेली पाहुणेमंडळी मला तरी ही एवढीच ठाऊक आहेत. देवीची मोठी जत्रा चैत्र अमावास्येला, दुसऱ्या दिवशी पालखी. पुतण्याचं परतीचं तिकीट एकादशीचं होतं. परदेशात गेलेल्यांची तिकिटं नेहमी मुख्य कार्यक्रमाच्या आदल्या दिवसांची असतात.

कुंडावर गर्दी होती. ‘साबण लावू नये’ या पाटीच्या खालच्या कट्ट्यावर चार निरनिराळ्या रंगांच्या वड्या ठेवलेल्या होत्या. गुडघेदुखीवाल्या आजीबाई कडेला पाय सोडून, डोळे मिटून बसल्या होत्या. एक दाढीवाले मागवाले चाचा, दोन भाईंदरचे गुजराती सासरे आणि जव्हारकडचं एक नवं जोडपं, सगळे पाय आत घालायचे, ‘हाऽऽ’ करायचे, बाहेर काढायचे, पुन्हा घालायचे. भिवंडीत इतकी माणसं एका पाण्यात इतक्या शांतपणे मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत. पुतण्याने पाण्याला अंगठा लावला आणि उडालाच. ‘काका, हे गरम कशावर करतात?’

त्याला उतरायचं होतं, पण चड्डी आली नव्हती. बायकोने पिशवीतून माझा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा काढून दिला. दोरी दोनदा गुंडाळून, लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून, ऱ्हाईनकाठचा आमचा पुतण्या तानसेकाठच्या कुंडात गळ्याइतका बसला आणि पाच मिनिटांनी चेहऱ्यावरची सगळी जर्मनी उतरली. ‘काका,’ तो डोळे मिटूनच म्हणाला, ‘तिकडे याचे तीस युरो घेतात.’

तेवढ्यात कट्ट्यावर ठेवलेला त्याचा फोन वाजला. हात ओले होते म्हणून म्हणाला, तुम्हीच वाचा. मी चष्मा लावला. पार्सल गोदामातून निघालं होतं.

‘कुठून निघालं?’

‘भिवंडीहून.’

‘आणि कुठे पोचलंय?’

मी खाली सरकवून पाहिलं. नकाशावर एक निळा ठिपका होता. नाशिकच्या पलीकडे.