माप घ्यायला आलेला माणूस

पॅरिसच्या विजयकमानीपाशी १२ रस्ते येऊन मिळतात. लातूरच्या गंजगोलाईला १६. ही चार रस्त्यांची आघाडी मला बरीच वर्षं ठाऊक होती. ती कुणाच्या तोंडावर फेकायची वेळ मात्र आली नव्हती. ती माझ्या मेव्हण्याने आणली.

मेव्हणा ग्रुप टूरने युरोप बघून आला. सुरुवातीला तो आयफेल टॉवर चिमटीत धरलेले फोटो पाठवत होता, ते आम्ही निमूट सोसले. मग त्याला कला सापडली. प्रागमधल्या एका दाराची कडी. व्हिएन्नातल्या कुठल्याशा जिन्याचा कठडा. बार्सिलोनाच्या पासेज दे ग्रासियावरची षटकोनी फरशी, म्हणे गौदीने आखलेली, तिच्यावर मेव्हण्याचा नवा बूट. सासूबाईंनी फॅमिली ग्रुपवर त्या फरशीलाही हात जोडले. खाली त्याने लिहिलं, 'दाजी, आपल्याकडं असलं काही नाही बघा.'

मी पुतण्याचा कॅमेरा मागून घेतला.

गोलाईचा आराखडा फैयाजुद्दीन या नगररचनाकाराचा. मधली दुमजली इमारत १९१७ सालची, आणि या सगळ्या गोलाच्या मधोमध अंबाबाईचं देऊळ. रस्त्यागणिक वेगळा बाजार: कुठे सोनं, कुठे चपला, कुठे मिरची, कुठे गूळ. नाकाला रुमाल बांधून डोळे मिटून फिरलात तर फसाल, रुमाल काढलात तर कुठल्या रस्त्याला आहात ते बिनचूक सांगाल. एवढी देखणी आखणी, पण फोटोच्या दृष्टीने तिच्यात एक खोट आहे. गोल जमिनीवरून दिसत नाही. पॅरिसवाल्यांनी कमानीच्या माथ्यावर चढायची सोय केली आहे. मी उभा होतो तिथून मला दिसत होते ते ऑटो, केळ्यांचे गाडे, नायलॉनच्या साड्या नेसलेले प्लास्टिकचे पुतळे आणि कुणा भावी नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, ज्यात नेता आणि त्याचे छत्तीस शुभेच्छुक इमारतीच्या वरच्या मजल्यावर बरोब्बर बसले होते.

पुस्तकात वाचलं होतं की आधी जागेचा अभ्यास करावा. म्हणून मी पावलं मोजली. डायरीत आकडे लिहिले. एक डोळा मिटून, हात ताठ करून, अंगठ्याने इमारतीची उंची धरली. चारदा मागे सरलो, त्यातल्या एकदा काकड्यांत.

'काय मालक, कशाचा फोटो काढालाव?'

'बिल्डिंगचा.'

'कामून?'

'छान आहे म्हणून.'

हे उत्तर देऊन मी स्वतःचा घात केला. छान आहे म्हणून कुणी इमारतीचा फोटो काढतो, यावर बाजारपेठेतला माणूस विश्वास ठेवत नाही आणि त्याचा अनुभव खोटा नाही. इमारतीचा फोटो निघतो तो ती विकायची असते तेव्हा, पाडायची असते तेव्हा, नाहीतर भावाभावांत दावा लागलेला असतो तेव्हा. प्रश्न विचारणाऱ्याने माझ्या डायरीतले आकडे पाहिले, मान डोलावली आणि शेजारच्या दुकानात गेला. तिथून बातमी कापड लाइनला पोचायला वेळ लागला नाही: रुंदीकरणाचं माप घ्यायला माणूस आला आहे.

आणि मग माझ्या डोळ्यांदेखत रस्ता रुंद होऊ लागला. पुतळे साड्यांसकट काखेत मारून आत नेले गेले. चपलांचे स्टँड मागे सरकले. ताडपत्र्या गुंडाळल्या गेल्या, गाडे गल्लीत शिरले, कुणीतरी शिडी लावून फ्लेक्सच्या दोऱ्याही सोडल्या. अतिक्रमणाच्या नोटिसांना वर्षानुवर्षं जमलं नसेल ते एका मराठीच्या मास्तराच्या अंगठ्याने करून दाखवलं. वरचा मजला उघडा पडला. भिंतीची ती सावकाश वळत जाणारी गोल रेघ मी लातुरात जन्म काढून पहिल्यांदा सलग पाहत होतो.

तेवढ्यात एका दुकानदाराने माझ्यापुढे खुर्ची ठेवली. 'साहेब, उन्हात कशाला? वर गच्चीवर चला, तिथून सगळं माप दिसतंय.'

मला आजवर कुणी साहेब म्हटलेलं नाही. घरी तर नाहीच नाही. तेव्हा गैरसमज दूर करण्याची घाई मला वाटली नाही. गच्चीवरून गोलाई खरोखर दिसत होती, रस्ते फुटताना दिसत होते, ऊन तिरपं होतं. चहा आला. चहामागून पेढे आले. पेढ्यांमागून दुकानदारांची भाची आली, पैठणी नेसून. 'साहेब, कॅमेरा भारी दिसालाय. हिला पुण्याचं स्थळ आलंय. तेवढा एक काढा की.' पेढा तोंडात असताना नाही म्हणता येत नाही. मुलीला डावी बाजू पसंत, मामींना उजवी. टाकीजवळ सावली बरी म्हणून टाकीजवळ. भाचीचा पदर नीट येईस्तोवर खाली रस्त्यावरून कुणाचा तरी आवाज चढला:

'अरे, कसले मापवाले! हे मराठीचे सर हायेत कॉलेजचे. माझ्या पोराला होते की!'

लातूर पॅटर्नच्या गावात फिजिक्सच्या सरांचा दरारा आहे, बायोलॉजीच्या सरांना लोक देव मानतात. मराठीच्या सरांना भिऊन कुणी चपलेचा स्टँड आत घेत नाही. मी भिंग बदलून कठड्यापाशी पोचेपर्यंत पुतळे साड्या सावरत बाहेर आले होते आणि फ्लेक्स पुन्हा चढत होता. दुकानदारांनी पेढ्यांची ताटली उचलली. भाचीचं लग्न मात्र त्याच फोटोवर जमलं, असं मागाहून कळलं. फोटोत ती छान दिसते. मागे टाकी आहे, आणि टाकीच्या डावीकडे बोटभर गोलाई.

जुनी घरं टिपावीत म्हणून औसा तालुक्यातल्या एका गावात गेलो. तिथे दगडी भिंतींचं, माळवदाचं एक घर उभं होतं. तसली घरं आता या भागात शोधावी लागतात, आणि ती कुठे गेली हे सांगायला इतिहासकार लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि लाकडावर हातहात मातीचा थर असलेली माळवदं. उन्हाळ्यात गारवा देणारं ते ओझंच किल्लारीच्या भूकंपात लोकांच्या अंगावर आलं. हे सगळं मला माहीत होतं, तरी मी अंगणातल्या आजींना म्हणालो, 'आजी, घर फार सुंदर आहे हो.'

'असं? मग आज रातच्याला त्यात झोपा,' आजी म्हणाल्या. 'आम्ही सगळे पत्र्यात झोपतो.'

आजींनी हे चेष्टेत म्हटलं नव्हतं. मी पत्र्याच्या शेडचा फोटो काढला. त्यांना तो आवडला.

निलंग्याच्या नीलकंठेश्वराच्या देवळाबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, ताऱ्यासारखा कोनाकोनांचा तळ, तीन गाभारे, बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी. पण मी आधी निलंगा राईस खाल्ला. त्यानंतर सुरसुंदरींच्या अंगावरची सावली सरकून गेली आणि माझ्या अंगावर झोप आली, एवढंच प्रामाणिकपणे सांगता येईल.

राहता राहिलं नांदेड. प्रागच्या कडीला कडीनेच उत्तर द्यायचं ठरवून मी गाडीपुऱ्यात शिरलो. एका जुन्या वाड्याचं सागवानी दार, त्यावर पितळी फुलं, मधोमध कडी, झिजून आतून चकचकीत झालेली. दाराशी गुडघे टेकून बसलो आणि कॅमेरा लावला, तोच दार आत ओढलं गेलं. आता माझ्या कॅमेऱ्यासमोर एक लुंगी होती.

'कितने में लेते?' लुंगीतून प्रश्न आला.

जुन्या वाड्यांची दारं-खांब विकत घेणारे लोक गावोगाव फिरत असतात, हे माझ्या ध्यानात यायला उशीर लागला. 'नहीं चाचा, सिर्फ फोटो.'

'फोटो लेके क्या करते? दरवाजाच लेके जाव ना.'

तोवर समोरच्या घरातून एकाने आपलं दार यापेक्षा जुनं आणि स्वस्त असल्याचं जाहीर केलं. दोघांत जुंपली. भांडण मिटवायला म्हणून मी दाराऐवजी एक सुटी कडी घेतली, सांगितलेल्या भावात, कारण घासाघीस मला जमत नाही. आमच्या फ्लॅटला लोखंडी सेफ्टी डोअर आहे. बायकोने कडी हातात घेतली, वजन पाहिलं आणि विचारलं, 'याला दार कधी आणणार आहात?'

शेवटी सचखंड गुरुद्वारा. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जिथे देह ठेवला, तिथली ही वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभी केली. इथे गर्दीला कुणी हलवू शकत नाही आणि हलवूही नये. मी डोक्याला भगवा रुमाल बांधला, आवारात एक कोपरा गाठला, सोन्याचा कळस मधोमध धरला. तेवढ्यात एका सरदारजींनी आपला मोबाइल माझ्या हातात दिला. 'अंकलजी, एक फोटो.' मोठा कॅमेरा गळ्यात असलेला माणूस फोटो चांगला काढणार, हा त्यांचा हिशेब. मीही चेव येऊन काढला: उभ्या रेषा उभ्या, घुमट अखंड, कुटुंब खाली ओळीत. त्यांना तो इतका आवडला की त्यांनी मागच्यांना दाखवला. रांग लागली. ऊन उतरेपर्यंत मी लोकांच्या मोबाइलवर गुरुद्वारा टिपत होतो. माझ्या कॅमेऱ्याकडे वळलो तेव्हा अंधार पडला होता आणि बॅटरीही.

सारांश, माझ्या हातून उतरलेली वास्तुकलेची उत्तम छायाचित्रं आज लुधियाना, जालंधर आणि बहुधा कॅनडात आहेत. माझ्याकडे त्यातलं एकही नाही. वाचकांपैकी कुणाचे ओळखीचे तिकडे असतील तर त्यांना जरा विचारून पाहावं. खूण सोपी आहे: माणसं थोडी वाकडी, इमारत एकदम सरळ. सचखंड एक्सप्रेस रोज नांदेड-अमृतसर जाते-येते. येताना तेवढा एक फोटो कुणी आणला तर मोठे उपकार होतील.