बेज मॅडम

अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रोडवर, बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत, घाटकोपरला किंवा मुलुंडच्या एखाद्या नव्या टॉवरच्या तळमजल्यावर गाळ्याच्या काचेला आतून तपकिरी कागद लावलेला दिसावा आणि मागे कटर किंचाळत असावा, की समजायचं, इथे स्किन क्लिनिक होतंय. कागद फाटलाय त्या कोपऱ्यातून आत डोकावलं तर पांढरा लिननचा शर्ट आणि पायात क्रॉक्स घातलेल्या एक बाई भिंतीकडे टक लावून उभ्या असतात. "हे बेज नाहीये. हे पिवळं आहे," त्या म्हणतात. पेंटरला दोन्ही एकच दिसतात. तो "हो जायेगा, मॅडम" म्हणतो. काय होणार, ते दोघंही विचारत नाहीत.

मिस्त्री लोक पाठीमागे त्यांना बेज मॅडम म्हणतात. उपनगरात अशा मॅडम बऱ्याच आहेत, आणि मिस्त्री लोकांची पद्धतही सगळीकडे हीच. शिक्षण आर्किटेक्चरचं किंवा इंटिरिअरच्या डिप्लोम्याचं. पहिली काही वर्षं टू-बीएचकेमधल्या किचन ट्रॉल्या आणि टीव्ही युनिटं करण्यात गेलेली. घराच्या कामात नवरा, बायको, सासू आणि नेमका त्याच वेळी गावाहून आलेला मामा असे चार क्लायंट असतात. म्हणून मॅडम क्लिनिकांकडे वळल्या. तिथे क्लायंट एकच, डॉक्टर. असा त्यांचा समज होता.

राहायला मुलुंड, साइट बोरिवलीत. म्हणजे स्लो लोकलने घाटकोपर, तिथून २०१४ पासून धावणारी मेट्रो वन, डी. एन. नगरला उतरून पुलावरून अंधेरी पश्चिम आणि मग टू-ए. खांद्यावरच्या झोळीत फरशीचे तुकडे, लॅमिनेटचा गुच्छा, टेप आणि कापलेला दगड. स्कॅनरवरचा जवान रोज थबकतो. "ये क्या है?" "मूडबोर्ड." जवान दगड हातात घेऊन बघतो, वजन करतो आणि जाऊ देतो.

मॅडमचं ध्येय एका वाक्यात मावतं: क्लिनिक क्लिनिकसारखं दिसता कामा नये. यामागे इतिहास आहे. या शाखेच्या एम.डी.चं पूर्ण नाव घेतलं तर त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग असे तिन्ही येतात. देशभरच्या त्वचातज्ज्ञांची संघटना आजही हे तिन्ही शब्द नावात बाळगून आहे. जुन्या दवाखान्यात लाकडी बाक, हिरवा पडदा आणि नाव जरा जास्तच मोठ्याने पुकारणारा कंपाउंडर असे. मग २००२ मध्ये मॅरिकोने, म्हणजे पॅराशूट खोबरेल विकणाऱ्या कंपनीने, 'काया' काढलं आणि लोकांना कळलं की त्वचेच्या डॉक्टरकडे जाताना चेहरा लपवण्याऐवजी चेहरा घेऊनच जायचं असतं. बाक गेला, सोफा आला. पडद्याच्या जागी फ्लूटेड काच आली. कंपाउंडर गेला आणि त्याच्या जागी आली काळ्या ब्लेझरमधली मुलगी. ती नाव इतक्या हळू उच्चारते की तीन जण उठून उभे राहतात.

रंगांच्या बाबतीत मॅडम अमेरिकेतल्या पँटोन कंपनीचं ऐकतात. ही कंपनी दर वर्षी एक रंग 'वर्षाचा रंग' म्हणून जाहीर करते. २०२४ ला 'पीच फझ' होता, २०२५ ला 'मोका मूस'. कांदिवलीच्या क्लिनिकला पीच लावला, तो वाळतोय तोवर मोका आला. पण वर्ष कोणतंही असो, मुख्य भिंत ठरलेली: शेड कार्डावर तिला 'न्यूड' म्हणतात, बोलताना 'स्किन कलर'. आता १९७५ मध्ये थॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकन डॉक्टरने उन्हाला कातडी कसा प्रतिसाद देते यावरून त्वचेची वर्गवारी मांडली. आज तिचे सहा प्रकार मानतात आणि आपल्याकडची बहुसंख्य मंडळी त्यात चौथ्या-पाचव्यात बसतात. मॅडमच्या 'स्किन कलर'ची भिंत दुसऱ्यात. म्हणजे त्या सोफ्यावर बसणाऱ्या एकाही माणसाची स्किन त्या कलरची नसते. (त्याच १९७५ मध्ये भारतात फेअर अँड लव्हली बाजारात आली आणि २०२० मध्ये 'फेअर' शब्द टाकून 'ग्लो' झाली. भिंतींनी अजून नाव बदललेलं नाही.)

पण मॅडमचा खरा जीव दगडात. ट्रॅव्हर्टीन हा त्यांचा आवडता. रोमचं कलोसियम त्याच दगडाचं, हे त्या प्रत्येक डॉक्टरला सांगतात. गरम झऱ्यांच्या पाण्यातल्या चुन्यापासून तो थरांनी बनतो, त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, म्हणून त्याच्या अंगावर बारीक बारीक खड्डे. दुकानात दोन प्रकार मिळतात: खड्डे बुजवलेला आणि न बुजवलेला. मॅडमना न बुजवलेला हवा. "डॉक्टर, हेच तर त्याचं कॅरेक्टर आहे!" डॉक्टर शांतपणे ऐकून घेतात. त्यांचा निम्मा धंदा मुरुमांनी पडलेले खड्डे भरण्यावर चालतो आणि रिसेप्शनच्या भिंतीवर त्याच खड्ड्यांचे जास्त पैसे मोजायचे आहेत. शेवटी बजेट मध्ये पडतं आणि कलोसियमऐवजी गुजरातमधल्या मोरबीहून ट्रॅव्हर्टीनच्या छपाईची टाइल येते. खड्ड्यांचा फोटो असलेली, हात फिरवला तर गुळगुळीत. डॉक्टर खूश. आपल्यालाही पेशंटच्या गालावर हेच करायचं असतं, असं ते मनाशी म्हणतात.

इथपर्यंत सगळं प्रेमाने होतं. लेझर रूमशी आलं की मॅडमना दुसरा क्लायंट भेटतो. तो माणूस नाही, किरण आहे.

थ्रीडीमध्ये त्या खोलीत तीन भिंतींना स्मोक्ड आरसे होते; खोली दुप्पट दिसते, हा त्यांचा हुकमी एक्का. डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि "आरसे काढा" म्हटलं. टॅटू आणि काळे डाग काढणाऱ्या एनडी-याग लेझरची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. ती डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्याच्या पडद्यापर्यंत जाऊन पोचते. आरशावर आपटून परतलेला किरणही जवळपास तितकाच जोरकस असतो. म्हणून त्या खोलीत आरसा नको, चकचकीत पीयू पॉलिश नको, क्रोमचा हँडल नको, स्टीलचा चमकता ट्रे नको. खिडकी असेल तर ती झाका, दारावर धोक्याची पाटी लावा, आत प्रत्येकाला चष्मा. मॅडमनी पाटीबद्दल तेवढं विचारलं, "गोल्डमध्ये चालेल?" नाही चालणार. पाटीवर पिवळा त्रिकोण लागतो.

पिवळ्याने मॅडमचा पिच्छा तिथेच सोडला असता तर बरं होतं. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि सिरिंजचं प्लॅस्टिक लालमध्ये, सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. प्रोसीजर रूममध्ये ओटचा ओटा, लातेचं कपाट, सँडची फरशी आणि मधोमध एखाद्या बालवाडीतून उचलून आणल्यासारख्या रंगीबेरंगी बादल्या. मॅडमनी प्रयत्न केला. "सगळ्या बेज घेऊ आणि झाकणावर छोटंसं लिहू: यलो." नर्सने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर त्यांनी बादल्यांसाठी फ्लूटेड दारांचं कपाट केलं. दार हाताने उघडायचं. ग्लोव्हजवरचं रक्त दाराला लागतं, हे उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, आणि सुतार पायाने उघडणारं दार बसवायला परत आला. दोन सूत कमी पडलं म्हणून तो तिसऱ्यांदाही आला.

उजेडात मात्र मॅडमचा हात कुणी धरू नये. रिसेप्शनला २७०० केल्व्हिनचा, गुळासारखा मऊ उजेड, आरशाच्या दोन्ही बाजूंनी समोरून. त्यात पाहिलं की पेशंटला वाटतं, कशाला उगाच आलो, आपण चांगलेच दिसतोय. तपासणीच्या खोलीत ४००० केल्व्हिन, रंग खरे दाखवणारे दिवे, आणि डॉक्टरांच्या हातात एक टॉर्च. डॉक्टर तो बाजूने तिरपा धरतात, कारण समोरच्या उजेडात बुजलेला खड्डा तिरप्या उजेडात सावली टाकतो. एका साइटवर रिसेप्शनच्या मुलीने 'आधी'चा फोटो ट्यूबलाइटखाली आणि 'नंतर'चा मॅडमच्या कोव्ह लाइटखाली काढला. निकाल इतका अप्रतिम आला की डॉक्टरच घाबरले. आता दोन्ही फोटो एकाच कोपऱ्यात, एकाच दिव्याखाली, साध्या राखाडी भिंतीसमोर निघतात. त्या भिंतीला मॅडम 'माझी हरलेली भिंत' म्हणतात.

पाटीचा विषय निघाला की त्या पाणी मागवतात. वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारनियम सांगतात की डॉक्टरने अवास्तव मोठी पाटी लावू नये आणि तीवर नाव, पदव्या, विशेष शाखा, नोंदणी क्रमांक एवढंच असावं. मॅडमनी केलं होतं बारीक इंग्रजी अक्षरांचं, मागून उजळणारं पितळी नाव, ज्यात डॉक्टर कुठेच नव्हते. त्यात राज्याच्या दुकाने-आस्थापना कायद्याच्या मार्च २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली, मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मग पितळी देवनागरी आली. तो इंग्रजी फाँट देवनागरीत नव्हताच. वेलांटी भिंतीबाहेर जायची आणि रफाराला एलईडी पुरत नसे. शेवटी दादरच्या एका जुन्या पेंटरने कागदावर अक्षरं काढून दिली. साइटवर सगळ्यात सुंदर तीच झाली, हे मॅडम मान्य करतात, फक्त इन्स्टाग्रामवर ते टाकत नाहीत.

वीज हा आणखी एक क्लायंट. अंधेरी-बोरिवलीत वाढीव लोडसाठी अदानीकडे अर्ज, मुलुंडला महावितरणकडे. वास्तुतज्ज्ञ आले, ईशान्येला टॉयलेट सापडलं, तिथे तांब्याची पट्टी बसली, विषय संपला. गणपती मात्र पॅलेटमध्ये बसला. डॉक्टरांच्या आईंनी शेंदरी आणला होता, तरी.

मॅडमच्या डोक्यातून आलेली सगळ्यात हुशार गोष्ट प्लॅनवर बारीकशी दिसते: मागचं दार. पील किंवा लेझर झालेला चेहरा काही काळ लालबुंद असतो. त्या चेहऱ्याने पुन्हा रिसेप्शनमधून जायचं आणि समोर शेजारच्या विंगमधल्या काकू बसलेल्या असायच्या, हे कुणालाच नको असतं. जुन्या गुप्तरोगतज्ज्ञाचा दवाखाना जिन्याच्या आडोशाला का असे, हे मॅडमना कुणी सांगितलेलं नाही. त्या आपल्या त्याच उत्तरापर्यंत पोचल्या आणि त्याचे स्क्वेअर फुटाने पैसे लावले. पेशंट प्रोसीजर रूममधून थेट मागे, स्कार्फ गुंडाळून रिक्षात.

अडचण एवढीच, की मागचं दार सोसायटीच्या आवारात उघडतं. तिथे वॉचमन बसतो, त्याच्याकडे रजिस्टर आहे आणि सेक्रेटरींची सक्त ताकीद आहे की तोंड झाकलेला माणूस नाव लिहिल्याशिवाय आवारातून हलता कामा नये. नाव, मोबाइल नंबर, कुठून आलात, कशासाठी. पहिल्या आठवड्यातच रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात 'केमिकल पील' असं स्वच्छ मराठीत दोनदा लिहिलं गेलं, आणि पानं उलटायला ए-विंगच्या काकू रोज संध्याकाळी खाली येऊ लागल्या. मॅडम सेक्रेटरींना भेटल्या. रजिस्टर बंद होणार नाही असं सेक्रेटरींनी सांगितलं. मात्र वॉचमनची केबिन फारच जुनी झाली आहे आणि पावसात गळते, असंही सहज बोलून दाखवलं. केबिनचं थ्रीडी परवा पाठवलंय. खर्च डॉक्टरांचा, भिंत फ्लूटेड, आणि रजिस्टर ठेवायला कुलपाचा ड्रॉवर.