लूक, अध्याय दहावा

नाकाडोंगरीतल्या चहाटपरीवर आमचे एक परिचित रोज बसतात. बायबल तोंडपाठ, अध्याय सांगा, वचन हजर. परवा शोमरोनी माणसाची गोष्ट रंगात आली होती. वाटेत पडलेला जखमी, त्याला बगल देऊन गेलेला याजक, मग लेवी. नेमका लेवी आला अन् समोर मँगनीजच्या ट्रकला जागा देता देता एक म्हातारा सायकलसकट गिट्टीवर आपटला. परिचित 'अरेरे' म्हणाले आणि पुढच्या वचनाकडे वळले. मीही ऐकत राहिलो. गोष्टीचा शेवट ठाऊक होता, तरीही.

उठला तो टपरीवाला. गुडघ्यावर पाणी ओतलं, सायकलची उतरलेली साखळी चढवून दिली.

पंडिता रमाबाई संस्कृतच्या गाढ्या पंडिता. बायबलच्या मराठी भाषांतरासाठी त्या हिब्रू अन् ग्रीकही शिकल्या. म्हणजे ज्ञानात आमच्या परिचितांहून किंचित पुढेच. पण १८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात आल्या (आपला भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात) आणि उपाशी, निराधार मुली गोळा करून केडगावला घेऊन गेल्या. आधी ताटं वाढली, भाषांतराला नंतर बसल्या. ते १९२२ साली मरेपर्यंत पुरलं. क्रमच चुकला बाईंचा!

उठताना परिचितांनी टपरीवाल्याला विचारलं, "बायबल वाचलं का रे कधी?"

"नाही जी," तो ग्रीसचे हात पुसत म्हणाला. "दोन चहा. वीस रुपये."