शून्य ते शंभर : नानाकाकांना खुले पत्र

तीर्थस्वरूप नानाकाकांस, शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र चारचौघांत लिहितो आहे, कारण सल्ला तुम्हीही कधी एकांतात दिला नाहीत. आमच्या लॅपटॉपची बॅटरी परवा गेली. वय अडीच वर्षं. मृत्यूचं कारण : आज्ञापालन.

खंडेनवमीला यंत्र घरात आलं. हळदकुंकू वाहून मी बटणाकडे बोट नेलं, तर केवढ्याने ओरडलात! "आधी आठ तास चार्ज, नाहीतर जन्मभर कमजोर राहील." पोरं आठ तास बंद झाकणाकडे बघत बसली. मग नियम आले. पार उतरल्याशिवाय चार्जर लावायचा नाही, शंभर झाल्याशिवाय काढायचा नाही. चाळीसवर कुणी पिन लावताना दिसलं, की एकादशीला कांदाभजी खाताना पकडावं तसे तुम्ही धावून यायचात.

तुम्ही खोटं बोलत नव्हतात, हेच दुर्दैव. जुन्या निकेल-कॅडमियम सेलना ती खोड होतीच. अर्धवट वापरून सारखं भरलं, की ते तेवढीच साठवण धरून बसायचे. पण लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ साली बाजारात आणली. तिच्यामागचं संशोधन करणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ मध्ये नोबेलही मिळालं. बातमी स्टॉकहोमला पोचली, आमच्या दिवाणखान्यात काही आली नाही.

ही लिथियमवाली उलट्या स्वभावाची. तिला थोडंथोडं खाणं मानवतं. पन्नास टक्के दोनदा वापरले तरी चक्र एकच मोजलं जातं, त्यामुळे मध्येच पिन लावल्याने तिचं काही बिघडत नाही. बिघडतं ते दोन्ही टोकांना. पार रिकामी करून महिनाभर कपाटात ठेवली (आम्ही कोकणात गेलो तेव्हा तुमच्याच सांगण्यावरून ठेवली होती), तर उठेल याची खात्री नाही. ठेवायचीच तर निम्मी भरून ठेवावी. शंभरावर चार्जिंग आपोआप थांबतं, हे खरं. पण काठोकाठ भरलेल्या सेलवर सुमारे ४.२ व्होल्टचा ताण तसाच राहतो आणि त्यात उष्णता मिळाली, की आतलं रसायन भराभर म्हातारं होतं. उष्णतेची सोय तुम्ही उत्तम केली होतीत. रात्रभर चार्जिंग, तेही दुलईवर, "टेबलावर ओरखडे पडतात" म्हणून. खालच्या जाळ्या बंद, पंखा घुरघुरतोय, आणि तुम्ही शेजारी त्याहून जोरात.

एक श्रेय मात्र देतो. कधीमधी पूर्ण उतरवून भरली, तर पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा जरा खरा बोलू लागतो. आकडा सुधारतो, काका, बॅटरी नाही.

शेवटी शेवटी टचपॅड एका कडेने वर आलं. झाकण मिटेना. दुरुस्तीवाल्याने तळ उघडला, तर आत बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली. तुम्हाला फोन केला, तर म्हणालात, "टाचणी टोचून हवा काढून बघ." तुमचं न ऐकण्याची ती पहिलीच वेळ. म्हणून तर हे पत्र लिहायला हात शिल्लक आहेत. ती बॅटरी ई-कचरावाल्याकडे दिली. घंटागाडीत टाकली असती, तर तिथे दाबली जाऊन पेटायची.

आता नवी बसवली आहे. सेटिंगमध्ये मर्यादा घातली आहे : ऐंशी टक्के झाले, की चार्जिंग थांबतं. ही सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते. आमच्यातही पहिल्या दिवसापासून होती. आठ तास झाकण उघडायचंच नव्हतं, कुणाला दिसणार?

रविवारी तुम्ही जेवायला येणार आहात. लॅपटॉप टेबलावर असेल, पिन लावलेली असेल आणि आकडा ऐंशीवर अडकलेला दिसेल. बिघाड नाही तो. कृपया हात लावू नये.

आपला आज्ञाधारक (निवृत्त),
पुतण्या