भाववाढीपासून संरक्षण

कांदा उत्पादकाला श्रीमंतीची बाधा होऊ नये म्हणून केंद्र सरकारने २०२३ मध्ये घेतलेली काळजी खरोखर हृद्य होती. ऑगस्टमध्ये कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. तेवढ्याने भागेना, तेव्हा डिसेंबरात निर्यातच बंद केली. लासलगावचे भाव लगेच शुद्धीवर आले. भाव मातीमोल होतात तेव्हा ही तत्परता जाते कुठे, असा एक आक्षेप असतो. तो उथळ आहे. पडलेला भाव ग्राहकाला टोचत नाही, आणि जे ग्राहकाला टोचत नाही त्याला संकट म्हणण्याची प्रशासकीय प्रथा नाही. हेच तत्त्व पुढे नेऊन महागाई वाढताच महागाई भत्ताही गोठवावा, अशी सूचना आम्ही करणार होतो. परंतु फाइलवर सही करणाऱ्यांनाही तो भत्ता मिळतो. सबब, तत्त्व कांद्यापुरतेच लागू समजावे.